ओळख पटली नाही

ज्या घरात लग्न असतं त्या घरात सोन्याची चर्चा होते, मानपानाची होते, बासुंदी की श्रीखंड यावरून नवराबायकोत दोन दिवस अबोला होतो. नेरुळच्या नंदकुमार परुळेकरांच्या घरी हे सगळं रीतसर झालं. पण सगळ्यात जास्त चर्चा झाली ती कुलपाची.

लग्नाच्या दिवशी सगळं घर वाशीच्या हॉलवर जाणार आणि मागे दागिने, आहेराच्या साड्या, नव्या सुनेसाठी घेतलेलं कपाट हे सगळं एकटं राहणार, या विचारानं नंदकुमारांची झोप उडाली होती. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी मोघे लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "परुळेकर, लग्नपत्रिका म्हणजे काय माहितीये? घर कधी रिकामं असणार याची छापील जाहिरात." मोघ्यांचं हे नेहमीचं होतं. दुसऱ्याच्या डोक्यात टेन्शन सोडायचं आणि आपण आपल्या मजल्यावर उतरून जायचं.

त्याच आठवड्यात परुळेकरांच्या दारावर अंगठ्यानं उघडणारं कुलूप बसलं. काळं, चकचकीत आणि मराठी बोलणारं. बरोबर अंगठा लागला की आतली बाई म्हणायची, "स्वागत आहे," आणि पुढे नाव घ्यायची. चुकीचा लागला की म्हणायची, "ओळख पटली नाही." हे दुसरं वाक्य ती इतक्या थंडपणे म्हणायची की नंदकुमारांना आपलं जुनं ऑफिस आठवून भरून आलं.

नंदकुमार विमा कंपनीच्या क्लेम्स विभागातून निवृत्त झाले होते, आणि उभी नोकरी त्यांनी एकाच शत्रूशी लढण्यात घालवली होती. तो शत्रू म्हणजे डुप्लिकेट. एकाच अपघाताचे दोन दावे, एकाच पायाचे दोन एक्स-रे, एकाच म्हशीचे दोन मृत्यू. एकाच गोष्टीची दोनदा नोंद दिसली की त्यांच्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. अशा माणसाच्या पोटी देवानं जुळे मुलगे घातले, तेही हुबेहूब, एक झाकावा आणि दुसरा काढावा असे. देवाच्या मनात काय असतं ते सांगता येत नाही.

कुलूप बसवायला आलेला कंपनीचा माणूस म्हणाला, "सर, यात शंभर अंगठे बसतात. घरातल्या प्रत्येकाची दोन-दोन बोटं घेऊन टाकू."

"दोन कशाला? माणूस एक, अंगठा एक," नंदकुमार म्हणाले. त्यांनी आपला उजवा अंगठा दिला, पत्नी चारुलताबाईंचा द्यायला लावला आणि आत हाक मारली, "अभिराम!"

आतून टॉवेल खांद्यावर टाकलेला एक मुलगा आला. नंदकुमारांनी सवयीनं त्याच्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. मनगट मोकळं होतं. त्यांचं समाधान झालं. "बाबा, मी—" असं मुलगा काहीतरी म्हणत होता, पण नंदकुमारांनी "बोलू नकोस, अंगठा हलतो" असं म्हणून त्याचा अंगठा काचेवर दाबला. कंपनीच्या माणसानं नाव टाकलं, अभिराम. मुलगा आंघोळीला गेला.

"आणि दुसरे साहेब?"

"इंद्रजित? त्याची गरज नाही. आयडेंटिकल आहेत. एकाचा अंगठा घेतला म्हणजे दोघांचा झाला. उगाच डुप्लिकेट नोंद नको."

कंपनीच्या माणसानं डोकं खाजवलं, पण तेवढ्यात चहाबरोबर बेसनाचा लाडू आला आणि लाडू तोंडात असताना कोणी वाद घालत नाही. पिन नंबरचं विचारल्यावर नंदकुमार म्हणाले, "लोक मागून बघून घेतात, बंद करा." एक लोखंडी किल्लीही आली होती. ती त्यांनी घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी, देवघराच्या खणात ठेवली. आता बेलचीही गरज नाही, ती काढून टाकू, असं ते म्हणाले तेव्हा मात्र चारुलताबाई अडून बसल्या. नंदकुमारांची बेल वाजवायची एक तऱ्हा होती. दोनदा तुटक, मग एकदा लांबलचक, आणि तेवढ्यानंही धीर धरवला नाही तर दारावर टिचकी. "त्या बेलवर माझा कुकर बंद होतो," चारुलताबाई म्हणाल्या. बेल राहिली.

पुढचे दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं. दारात चपलांचा असा ढीग की दार लागायचंच नाही. त्यामुळे कुलपाला पहिलं काम मिळालं ते लग्नाच्या रविवारी सकाळी. नंदकुमारांनी सगळ्यांना बाहेर काढलं, चपला बाजूला सारल्या, दार ओढलं. "दार सुरक्षित आहे," बाई म्हणाली. नंदकुमार निश्चिंत मनानं मुलाच्या लग्नाला गेले.

लग्न छान लागलं. सून राजलक्ष्मी दिघ्याची, माहेर मूळचं साताऱ्याकडचं, वडील कृष्णात यांचा वाशीच्या मार्केटात कांद्याबटाट्याचा गाळा. माणसं मोकळी आणि प्रेमळ. पण तिचे मामा हौसेराव यांच्या मनात पहिल्या दिवसापासून पाल चुकचुकत होती. मुलगी बघायला दोन्ही भाऊ एकदम गेले होते, तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून हौसेरावांनी बराच वेळ इकडून तिकडे पाहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, "ह्यातला आपला कंचा?" मंगलाष्टकं चालू असतानाही ते नवऱ्यामुलाकडे डोळे बारीक करून बघत होते.

नंदकुमारांचंही एक छोटं नुकसान झालं. जिलबी गरम आहे का हे पाहायला त्यांनी आचाऱ्याच्या पाकात अंगठा बुडवला. जिलबी गरम होती. अंगठ्याला टरटरून फोड आला आणि वर पट्टी बसली. वरपिता पंगतीत अंगठा वर करून फिरत होता, आणि पाहुणे उलट त्यांनाही अंगठा दाखवून "झकास झालं" म्हणत होते.

गुरुजींनी बजावलं होतं, गृहप्रवेश साडेचारच्या आत, मग राहुकाळ लागतो. आहेराची खोकी टेम्पोत भरायला इंद्रजित हॉलवर थांबला आणि बाकीचे निघाले. चारच्या सुमारास सातव्या मजल्यावर लिफ्टमधून आधी नंदकुमार आणि चारुलताबाई उतरले, मग नवरानवरी उपरण्याला मारलेली शालूची गाठ सांभाळत आडवे होऊन उतरले. लिफ्टवर भरवसा नसल्यामुळे हौसेराव जिन्यानं आले. त्यांच्या डोक्यावर रुखवतातली लाडवांची टोपली होती, ती त्यांनी कोणाच्याही हाती द्यायला नकार दिला होता. शेजारच्या सुचिताबाई, मोघे, वरच्या मजल्यावरची मंडळी, सगळे नवी सून बघायला जमले होते.

"थांबा हं, आत जाऊन ओवाळणीचं ताट आणि माप आणते," चारुलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी अंगठा टेकवला.

"ओळख पटली नाही."

वरमाईच्या दोन्ही हातांवर मेंदी होती. नुसती तळव्यावर नव्हे, बोटांच्या टोकापर्यंत, जाड, काळीभोर. अंगठ्यावर तर मेंदीवालीनं खास मोर काढला होता. कुलपाची मोराशी ओळख नव्हती.

"सरका," नंदकुमार म्हणाले. त्यांनी पट्टी सोडली, दातावर दात दाबून फोड काचेवर टेकवला.

"ओळख पटली नाही."

"अगं, मी मालक आहे!" नंदकुमार कुलपाला म्हणाले. सोसायटीतली मुलं हसली. त्यांनी डावा अंगठा लावून पाहिला. पण माणूस एक, अंगठा एक, हे तत्त्व त्यांचंच होतं. आणि लोखंडी किल्ली देवघराच्या खणात, दाराच्या आत, सुरक्षित होती.

तरी ते डगमगले नाहीत. वळून जमलेल्या मंडळींना त्यांनी छोटंसं भाषण केलं. यंत्रं अशा प्रसंगांचा विचार करूनच बनवतात. तिसरी नोंद कोणाची आहे? नवऱ्यामुलाची! आपल्या घराचं दार आपल्या वधूसाठी स्वतःच्या हातानं उघडणं, यापेक्षा शुभ काय असणार? "ये रे अभिराम."

अभिराम पुढे झाला. गाठ बांधलेली असल्यामुळे राजलक्ष्मीही पुढे झाली. त्यानं अंगठा टेकवला.

"ओळख पटली नाही."

पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. मग मजल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. हळद लागली असेल, लिंबानं चोळा. लिंबू चोळलं. खोबरेल लावा. लावलं. फुंकर मारा, माझ्या फोनला तसंच करावं लागतं. मोघे म्हणाले, "केसांत घासून लावा," म्हणून अभिरामनं केसांत घासला, तर मुंडावळ्या त्यात अडकून खाली आल्या. शेवटी बाईच कंटाळली. "प्रयत्न जास्त झाले आहेत. थोड्या वेळानं या," असं म्हणून तिनं लाल दिवा लावला.

नंदकुमारांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं आधी शुभ दुपार चिंतली आणि मग मशीनचा नंबर विचारला.

"नंबर कुठे असतो?"

"कुलपाच्या आतल्या बाजूला, सर."

"आतल्या बाजूला जाता येत असतं तर मी तुम्हाला फोन केला असता का?"

"मी समजू शकते, सर. मग तुमच्या रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी पाठवू?" रजिस्टर्ड मोबाइल चारुलताबाईंचा होता. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. दाराला कान लावल्यावर ओटीपी आल्याचा टिंग असा आवाज सगळ्यांनी स्पष्ट ऐकला.

"दार तोडू या," वरच्या मजल्यावरचा कोणीतरी उत्साहानं म्हणाला.

"दोन ते चार तोडफोड, ड्रिलिंग, ठोकाठोक बंद," मोघे म्हणाले. "सोसायटीचा नियम आहे."

"अहो मोघे, चार वाजून गेले."

"रविवारी दिवसभर बंद. आणि मुख्य दाराला हात लावायचा तर कमिटीकडे लेखी अर्ज. कमिटीची मीटिंग दुसऱ्या शनिवारी." मोघे कठोर दिसायला लागले की त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज यायचं.

इकडे राजलक्ष्मी शालूत उभी राहून घामाघूम झाली होती. सुचिताबाईंनी तिला स्टूल आणून दिलं. ती बसली, तशी गाठीनं ओढला जाऊन अभिरामही अर्धा वाकला आणि तसाच वाकून उभा राहिला. राजलक्ष्मीला हसू फुटलं. ते ती पदरात दाबत होती, पण खांदे हलताना दिसत होते. हौसेरावांनी टोपली खाली ठेवली आणि त्यांचा पहारा सुटल्याबरोबर लाडू कमी व्हायला लागले.

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि इंद्रजित बाहेर आला. कपाळावर घाम, बाह्या दुमडलेल्या, अंगात अभिरामसारखाच मोतिया कुर्ता. ही चारुलताबाईंच्या बहिणीची कृपा. तिनं जन्मापासून दोघांना एकसारखे कपडे घेतले होते आणि आजही सोडलं नव्हतं.

"काय झालं? सगळे बाहेर का?" त्यानं विचारलं. लाल दिवा गेला होता. त्यानं सहज पुढे होऊन अंगठा टेकवला.

"स्वागत आहे, अभिराम," कुलूप म्हणालं आणि दार उघडलं.

टाळ्या वाजल्या. चारुलताबाई आत शिरणार, इतक्यात हौसेराव मधे घुसले आणि त्यांनी दार धाडकन ओढून घेतलं.

"दार सुरक्षित आहे," बाई म्हणाली.

"कुनी आत जायाचं न्हाई!" हौसेराव म्हणाले. त्यांची मिशी थरथरत होती. "पाव्हणं, ह्यो जर अभिराम हाय, तर माझ्या भाचीच्या शालूला गाठ मारून हुबा हाय त्यो कोन?"

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. लाडू खाणाऱ्यांनी खायचं थांबवलं.

"मामा, मीच अभिराम," वाकलेला अभिराम सरळ होत म्हणाला.

"तुमी गप ऱ्हावा. तुमच्या घरचं दारच तुमास्नी वळखत न्हाई! आमी पोरगी दिली अभिरामला. बोहल्यावर हुबा केला तिसराच... म्हंजी दुसराच. ही फसवनूक हाय. राजी, ऊठ. आपुन दिघ्याला जाऊ."

राजलक्ष्मीचं हसू थांबलं. तिनं मामांकडे पाहिलं आणि मग अभिरामकडे. चारुलताबाईंचा चेहरा पांढरा पडला. आपल्या दारात आलेली सून उंबरा न ओलांडता परत जाणार, या विचारानं त्यांनी भिंतीला हात टेकला.

सुचिताबाई शाळेत जीवशास्त्र शिकवत असत. इतका वेळ त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, हे त्यांना लागलं होतं. "अहो, यात फसवणूक कसली?" त्या पुढे झाल्या. "जुळ्यांचे ठसे सारखे नसतातच. चेहरा सारखा, रक्तगट सारखा, पण बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात घडतात. कोण कुठे टेकलं होतं, कोणाभोवती पाणी कसं हललं, कोणाचं बोट कशाला घासलं, त्यावर त्यांचं वळण ठरतं. एका पोटात असले तरी दोघांची जागा एक नव्हती ना!"

"अगदी," चारुलताबाई एकदम म्हणाल्या. "एक सारखा उजवीकडे लाथा मारायचा आणि दुसरा शांत. मला पाचव्या महिन्यापासून दोघं वेगळे कळायचे."

नंदकुमारांच्या सिद्धांताला तिथेच सुरुंग लागला. पण हौसेराव ऐकणारे नव्हते. कांद्याच्या पोत्यात तळाला काय आहे हे वरून ओळखणारा माणूस तो. "बाई, रेघा येगळ्या असतील. त्ये मान्य. पर मग नाव? दार म्हनतंय, ह्यो अभिराम. दाराला त्ये नाव कुनी सांगितलं?"

मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"मी," नंदकुमार म्हणाले.

"मंग खरं सांगितलं का खोटं?"

आता पाहा काय पेच होता. खरं सांगितलं म्हणावं, तर अंगठा अभिरामचा ठरतो आणि बोहल्यावरचा मुलगा भलताच ठरतो. खोटं सांगितलं म्हणावं, तर बापाला स्वतःचे मुलगे ओळखता येत नाहीत, हे मोघ्यांच्या देखत सिद्ध होतं. आणि जे मोघ्यांच्या देखत सिद्ध होतं ते संध्याकाळपर्यंत शेजारच्या शिरवणे गावातल्या भाजीवाल्यांनाही माहीत असतं.

कारण खरं तेच होतं. नंदकुमारांना आपले मुलगे ओळखता येत नव्हते. कधीच येत नव्हते. लहानपणी त्यांनी एकालाच दोनदा आंघोळ घातली होती आणि दुसरा तसाच पावडर लावून झोपवला होता. ज्यानं बक्षीस मिळवलं त्याला सोडून दुसऱ्यालाच शाळेच्या मैदानात खांद्यावर घेऊन नाचले होते. आई नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखते आणि आपण समोर उभा केला तरी गोंधळतो, ही गोष्ट त्यांच्या मनाला काट्यासारखी सलत आली होती. पुढे इंद्रजितनं उजव्या हातात घड्याळ घालायला सुरुवात केली आणि नंदकुमारांचा जीव भांड्यात पडला. उजव्या मनगटावर घड्याळ म्हणजे इंद्रजित, नाही तर अभिराम. हे गुपित त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याच्या जोरावर इतकी वर्षं त्यांनी बापपण निभावलं होतं.

"वहिनी सांगतील त्ये मी आईचं प्रेम म्हनून सोडून दीन," हौसेराव म्हणाले. "बापानं सांगावं. दोघं हुबं हायत. पाव्हणं, हात धरा आन् सांगा, ह्यो माझा अभिराम."

नंदकुमारांनी गाठीतल्या मुलाकडे पाहिलं. मग दुसऱ्याकडे. सकाळपासून अभिराम म्हणून ज्याला हळद लावली, तोच हा? की सकाळीच काही घोटाळा झाला? त्यांनी इंद्रजितच्या, म्हणजे ज्याला ते इंद्रजित समजत होते त्याच्या, मनगटाकडे पाहिलं. मोकळं. दुसऱ्याचं पाहिलं. तेही मोकळं. घड्याळात साडेचार होत आले होते आणि ते घड्याळ लिफ्टशेजारच्या भिंतीवरचं होतं, त्याचा काही उपयोग नव्हता.

तेव्हा कडेला उभ्या असलेल्या मुलानं छताकडे पाहत खिशात हात घातला. टेम्पो भरताना काढून ठेवलेलं घड्याळ बाहेर काढलं आणि सावकाश, पट्टा नीट ओढून, उजव्या मनगटावर बांधलं. त्याच वेळी गाठीतल्या मुलानं कुर्त्याची बाही सारखी करायच्या निमित्तानं आपलं मोकळं उजवं मनगट बापाच्या समोर धरलं. दोघांपैकी एकानंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांना लाज वाटू नये म्हणून पाहिलं नाही, हे नंदकुमारांना कळलं.

म्हणजे यांना माहीत होतं. घड्याळ हौसेनं नव्हतंच. शाळेच्या मैदानातल्या त्या फजितीनंतरच ते उजव्या हातात आलं होतं, हे आज त्यांना आठवलं. आपण मुलांना सांभाळतो असं त्यांना वाटत होतं, आणि ही दोन पोरं इतकी वर्षं बापाला सांभाळत होती. नंदकुमारांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गंमत म्हणजे त्याच क्षणी त्यांना हसूही यायला लागलं.

त्यांनी पुढे होऊन गाठीतल्या मुलाचा हात धरला. "हा माझा अभिराम." एवढ्यावर थांबता आलं असतं. यंत्र बिघडलं म्हणून सांगता आलं असतं आणि मान राहिली असती. पण पुढचं वाक्यही त्यांच्या तोंडून बाहेर पडलंच. "आणि दाराला मी चुकीचं सांगितलं, हौसेराव. त्या दिवशी इंद्रजित आंघोळीला निघाला होता, हातात घड्याळ नव्हतं. घड्याळ नसलं की मला हे दोघं ओळखता येत नाहीत."

मोघ्यांनी तोंड उघडलं, पण सुचिताबाईंनी त्यात लाडू कोंबला.

हौसेराव नंदकुमारांकडे बघत राहिले. मग त्यांची मिशी पुन्हा थरथरली, पोट हललं, आणि ते एकदम गडगडाटी हसले. "आवं, मग ह्ये आधी सांगायचं की! आमच्या दारात दोन खोंडं व्हती, एकाच रंगाची. मला वळखायची न्हाईत म्हनून एकाच्या शिंगाला निळा रंग लावायचो. एकदा पावसात रंग ग्येला आन् मी एकालाच दोनदा पेंड घातली. दुसरा आठवडाभर माझ्याकडं बघत न्हवता!" त्यांनी नंदकुमारांच्या पाठीत अशी थाप मारली की फोड आलेला अंगठा भिंतीवर आपटला. "खोटं बोलनारा मानूस सगळ्यांम्होरं असलं सांगत न्हाई. तरी पन पोरीचं ऐकू. राजी, तू काय म्हनतीस? तुझा कंचा?"

राजलक्ष्मी स्टुलावरून उठली. पदर सारखा केला, मामांकडे पाहिलं, मग कुलपाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"कुलूप म्हणे ओळख नाही, मामा म्हणती खात्री नाही,
अभिरामरावांना ओळखायला मला अंगठा लागत नाही!"

सातवा मजला दणाणला. मोघ्यांनीसुद्धा टाळी वाजवली, लाडवाचा चुरा उडवत. इंद्रजितनं अंगठा टेकवला, बाई म्हणाली, "स्वागत आहे, अभिराम," आणि सगळा मजला एका सुरात ओरडला, "इंद्रजित!" चारुलताबाई आत धावल्या. माप देवघरात होतं, पण राहुकाळ दाराशी येऊन ठेपला होता, म्हणून त्यांनी सापडला तो कुकरचा डबा तांदळांनी भरून उंबऱ्यावर ठेवला. राजलक्ष्मीनं इतक्या वेळच्या अवघडलेल्या पायानं तो असा लवंडला की तांदूळ आतल्या सोफ्याखाली गेले आणि डबा घरभर वाजत फिरला. हौसेरावांची टोपली शेवटची आत आली. तिच्यात लाडू नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस पुन्हा आला. राजलक्ष्मीनं हट्टानं दहाही बोटं दिली. अभिरामचा अंगठा घेताना मात्र यंत्र अडलं. ते नाव आधीच आहे, एकच नाव दोनदा घेता येत नाही, म्हणालं. पहिली नोंद खोडायला हेल्पलाइनकडे अर्ज करायचा होता, आणि हेल्पलाइनचं नाव काढताच नंदकुमारांचा अंगठा ठणकायला लागायचा. म्हणून आता इंद्रजित आला की बाई म्हणते, "स्वागत आहे, अभिराम," आणि अभिराम आला की म्हणते, "स्वागत आहे, अभिराम दोन." डुप्लिकेटशी आयुष्यभर लढलेल्या माणसाच्या दारावर ही घोषणा दिवसातून चार वेळा होते. ते ऐकतात आणि पेपरात तोंड घालतात.

पुढे अंगठ्याचा फोड गेला. एका संध्याकाळी पिशवीत पडवळ घेऊन नंदकुमार सातव्या मजल्यावर आले आणि ऐटीत अंगठा टेकवला.

"ओळख पटली नाही."

नवी कातडी आली होती, गुळगुळीत, एकही ओळखीची रेघ नसलेली. त्यांनी पुसून पुन्हा टेकवला. बाईचं मत बदललं नाही. स्वतःच्या दाराशी, हातात पडवळ धरून, नंदकुमार थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी बेलवर बोट ठेवलं. दोनदा तुटक, एकदा लांब. आणि धीर न धरवून दारावर एक टिचकी.

आतून दोन मुलगे बोलल्याचा आवाज आला. त्यातला कुठला कोणता, हे नंदकुमारांना अर्थातच कळलं नाही. मग बांगड्या वाजल्या आणि राजलक्ष्मीचा आवाज ऐकू आला, "थांबा हो, मी उघडते. बाबा आलेत. असं दुसरं कोण वाजवतं?"

दार उघडलं. नंदकुमार सुनेच्या हातात पडवळ देऊन आत गेले, आणि जाताना त्यांनी कुलपाकडे मुद्दामच पाहिलं नाही.